नवीन बसवलेलं ग्लो इंजिन नाक वर करताच बंद पडतं? इंजिन उघडण्याआधी टाकी आणि नळ्या बघा

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचं किट जुळवून झालं, इंजिन बसलं, स्टँडवर दहा मिनिटं सुरेख चाललं. मैदानावर टेकऑफ घेतला, विमानाने नाक वर काढलं, इंजिनाचा आवाज एकदम बारीक आणि टोकदार झाला आणि पंखा (प्रोपेलर) थांबला. '४०' किंवा '४६' मापाच्या टू-स्ट्रोक ग्लो इंजिनावर चालणाऱ्या ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमानाच्या, किटमध्ये ही तक्रार सगळ्यात जास्त येते. (ग्लो म्हणजे तापलेल्या तारेच्या प्लगने पेटणारं, मिथेनॉलवर चालणारं इंजिन; '४६' म्हणजे ०.४६ घन इंच, साधारण साडेसात सीसी.) सांगली-मिरजेकडे ती महागातही पडते, कारण मोकळ्या रानाच्या कडेला बहुतेक ऊसच असतो. डोक्यावर गेलेल्या उसात इंजिन बंद पडलेलं विमान उतरलं की पंख तर जातातच, शोधायला अख्खी संध्याकाळही जाते.

अशा वेळी बहुतेक जण दोन गोष्टी करतात. नीडल (कार्बोरेटरमधली इंधन कमी-जास्त करायची सुई) फिरवत बसतात, नाहीतर इंजिनच उघडतात. दोन्ही चुकीच्या. नवं किंवा बरं चालणारं इंजिन किटवर चढवल्यावरच त्रास द्यायला लागलं असेल, तर दोष बहुतेक वेळा इंजिनात नसतो, बसवण्यात असतो: टाकी, नळ्या, माउंट (इंजिन बसवायचा आधार), बोल्ट. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि खर्चाच्या, खटपटीच्या कामाकडे जातो. मधली पायरी गाळू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलल्यावर इंजिन चालवून बघा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर नेमकं कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तोच दोष परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

लक्षणं: नक्की काय होतंय?

आधी कान लावा. इंजिन दोन तऱ्हांनी मरतं आणि दोन्हींचे आवाज वेगळे असतात.

इंधन कमी पडलं, म्हणजे लीन झालं, तर बंद पडण्याआधी आरपीएम चढतात. आवाज पातळ, कर्कश होतो, सायलेन्सरमधून येणारा धूर जवळजवळ नाहीसा होतो आणि मग बटण दाबल्यासारखं झटकन बंद. इंधन जास्त झालं, म्हणजे रिच झालं, तर उलटं. आवाज जड, गुरगुरल्यासारखा होतो, पांढरा धूर वाढतो, तेल उडतं आणि इंजिन हळूहळू बसत जाऊन थांबतं. हा फरक कानात बसला की निम्मं काम झालं.

आता तुमचं लक्षण यातलं कुठलं ते बघा:

- जमिनीवर ठीक, नाक वर केलं की लीन होऊन बंद: क्लंक (टाकीत इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाचं पितळी वजन), टाकीची उंची, सायलेन्सरमधून टाकीत येणारा दाब किंवा मुळातच लीन ठेवलेली नीडल.
- टाकी भरलेली असताना ठीक, निम्मी झाल्यावर बिघडतं: टाकी खाली बसली आहे, क्लंकची नळी चिरली आहे किंवा इंधनाला फेस येतोय.
- कार्बकडे जाणाऱ्या नळीत बुडबुडे दिसतात: इंधन कुठेतरी एअर घेतंय, नाहीतर कंपनाने फेस होतोय.
- ग्लो बॅटरी (प्लग तापवणारी) काढली की लगेच बंद किंवा आरपीएम खाली: प्लग थकलाय, नाहीतर मिश्रण फार रिच आहे.
- रेस कमी केली तरी आरपीएम वरच लटकून राहतात, मग सावकाश खाली येतात: आयडलचं (रेस सोडल्यावरच्या संथ चालीचं) मिश्रण लीन, किंवा कार्बच्या बुडातून, मागच्या प्लेटमधून हवा आत जातेय.
- तीन-चार मिनिटं छान, गरम झालं की बंद: कूलिंग, तेलाचं प्रमाण किंवा लीन नीडल.
- आयडलला इंजिन भरून येतं, विशेषतः उलटं बसवलेलं: टाकी वर आहे.

हात लावण्याआधी

विमानाची शेपटी पक्क्या खुंटीला बांधा किंवा दुसऱ्या माणसाला धरायला सांगा. पंख्याच्या सपाटीत, म्हणजे त्याच्या बाजूला, कुणीही उभं राहायचं नाही. इंजिन चालू झालं की पंख्याच्या मागे या आणि नीडल मागूनच फिरवा. पंखा बोटाने फिरवून इंजिन सुरू करू नका. लाकडी दांडक्यावर जाड रबरी नळी चढवा किंवा स्टार्टर वापरा. शर्टाची सैल बाही आणि गळ्यातली दोरी, दोन्ही आवरून घ्या.

मिथेनॉलची ज्वाळा उन्हात दिसत नाही, फक्त धग लागते. जवळ बादलीभर पाणी आणि ओलं गोणपाट ठेवा. आणि हे कृपया मनावर घ्या: मिथेनॉल विष आहे. थोडं पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो, आणि ते त्वचेतूनही शरीरात जातं. इंधन कधीही पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरू नका. घरात लहान मुलं असतील तर डब्यावर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहा आणि डबा कुलपात ठेवा. नळीत तोंडाने फुंकर मारायची किंवा तोंडाने इंधन ओढायची सवय असेल तर ती आजच सोडा.

१. इंधन

बाटली उघडी राहिली असेल तर मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. साताऱ्याकडच्या पावसाळ्यात झाकण सैल राहिलेला डबा काही दिवसांत बिघडतो. अशा इंधनावर इंजिन कसंबसं चालतं, पण आयडल धरत नाही आणि नीडल कुठेच स्थिर बसत नाही. तपास सोपा आहे: सीलबंद किंवा ताजं इंधन घालून बघा. दोष गेला तर काम संपलं.

घरी मिश्रण करत असाल तर तेलाचं प्रमाण पुन्हा मोजा. नायट्रो नसलेलं साधं मिश्रण म्हणजे मापाने ८० भाग मिथेनॉल आणि २० भाग एरंडेल. तयार इंधनात ५ ते १० टक्के नायट्रोमिथेन असतं, त्याने आयडल सुधारतं. तेल इंजिनाच्या माहितीपत्रकात दिलं आहे त्यापेक्षा कमी करायचं नाही. तेलच पिस्टनला वंगण देतं आणि उष्णताही बाहेर नेतं. शेंगदाणा, करडई किंवा सूर्यफुलाचं तेल चालत नाही. ही तेलं मिथेनॉलमध्ये विरघळत नाहीत, एरंडेल विरघळतं. बाटली तासभर स्थिर ठेवून थर दिसला तर ते इंधन इंजिनात घालू नका.

२. प्लग आणि बॅटरी

प्लग काढा, पक्कडीत धरा आणि बॅटरी जोडा. तार लगेच लख्ख नारिंगी व्हायला हवी, आणि सगळी तार सारखी तापायला हवी. मधलेच वेटोळे लाल आणि कडेचे काळे असतील, तार वाकडी झाली असेल किंवा खरखरीत, पांढुरकी पडली असेल तर प्लग बदला. प्लगला दीड व्होल्ट लागतात आणि तो दोन-तीन अँपिअर ओढतो, त्यामुळे अर्धवट उतरलेली बॅटरी मीटरवर ठीक दिसते पण प्लगला पुरत नाही. लिथियम सेल थेट जोडू नका, तार जळते. परत बसवताना तांब्याचा वॉशर विसरू नका. तो नसेल तर कॉम्प्रेशन प्लगच्या आट्यांतून निसटतं.

३. बोल्ट

इंजिन थंड असताना सिलिंडर हेड मुठीत घट्ट धरा आणि डावीकडे-उजवीकडे, मग वर-खाली हलवा. एका बोटाचं टोक इंजिनाचा कान (बोल्ट बसतो तो बाहेर आलेला भाग) आणि माउंट यांच्या सांध्यावर ठेवा. हालचाल डोळ्याला दिसत नाही पण बोटाला कळते. सांध्याभोवती काळपट तेलाची बारीक रेघ दिसली तर तिथे धातू घासतोय आणि बोल्ट सैल आहे हे नक्की.

मग ॲलन की घेऊन एकेक बोल्ट बघा: इंजिन ते माउंट, माउंट ते फायरवॉल (इंजिनामागची प्लायची भिंत), सायलेन्सर, मागची प्लेट, कार्बचा स्क्रू, पंख्याचा नट. सायलेन्सरचे बोल्ट पहिल्या दोन-तीन वेळा चालवल्यानंतर नेहमीच सैल होतात, म्हणून इंजिन अजून कोमट असतानाच परत आवळा. मागच्या प्लेटचे स्क्रू समोरासमोरचे आलटून-पालटून आवळा, पण ताकद लावू नका. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की गेले.

हे एवढं महत्त्वाचं का? सैल इंजिन थरथरतं, थरथरीने टाकीतल्या इंधनाला फेस येतो, फेस कार्बमध्ये गेला की इंजिन लीन होतं. म्हणजे सैल बोल्टचं दुखणं इंधनाचं दुखणं होऊन समोर येतं, आणि माणूस नीडल फिरवत बसतो.

४. पंखा

किनार तुटलेला किंवा चीर गेलेला पंखा फेकून द्या, तो घासून दुरुस्त करायचा नसतो. चांगल्या पंख्याचा तोल बघा: आडव्या दांडीवर ठेवल्यावर एक पातं सतत खाली जात असेल तर त्या पात्याच्या टोकाकडचा फुगीर भाग बारीक पॉलिश पेपरने थोडा थोडा घासा. नवीन पंख्याचाही तोल बघावा लागतो. '४६' इंजिनाला ट्रेनरवर साधारण ११ बाय ५, ११ बाय ६ किंवा १० बाय ६ इंचांचा पंखा चालतो. फार मोठा लावला तर इंजिन दबून तापतं, फार छोटा लावला तर बेफाम पळतं.

५. नळ्या

ग्लो इंजिनाला सिलिकॉन नळी लागते, आतला व्यास सुमारे अडीच मिलिमीटर. पेट्रोल इंजिनाला हीच नळी चालत नाही, पेट्रोलने ती फुगते.

सगळ्यात जास्त भोकं नळी फायरवॉलमधून बाहेर येते तिथे पडतात. प्लायच्या भोकाची कड धारदार असते, इंजिन थरथरतं आणि नळी करवतीवर धरल्यासारखी घासत राहते. हे भोक सुईच्या अग्राएवढं असतं. त्यातून इंधन गळत नाही, पण चालू इंजिन तिथून हवा ओढतं. मेडिकलमधून सुई नसलेली वीस मिलीची सिरिंज आणा, नळी काढून एक टोक बंद करा, दुसऱ्या टोकाला सिरिंज लावा, नळी पाण्यात बुडवा आणि दाब द्या. शंका असेल तर तपासत बसण्यापेक्षा नळीच बदला, ती सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. नवी बसवताना फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट घाला.

जोडणीही तपासा. क्लंकची नळी कार्बला, आणि टाकीच्या वरच्या बाजूला वळवलेली नळी सायलेन्सरच्या निपलला (बारीक तोटीला). या दोन्हींची अदलाबदल नव्या किटमध्ये बऱ्याचदा होते, कारण टाकीच्या बुचातून निघालेल्या दोन्ही पितळी नळ्या बाहेरून सारख्याच दिसतात. बसवतानाच एकीवर रंगाचा ठिपका द्या. तिसरी, भरायची नळी असेल तर इंजिन चालू असताना तिचं टोक घट्ट बंद हवं, नाहीतर सायलेन्सरचा दाब तिथून निघून जातो. निपल काजळी-तेलाने चोंदलेलं असलं तरी हेच होतं. आत बारीक तार घालून साफ करा.

६. टाकी बाहेर काढा

इथे पंधरा मिनिटं जातात आणि बहुतेक विमानं इथेच बरी होतात.

आधी टाकी न काढता एक परीक्षा घ्या. विमान कानाजवळ धरा, नाक वर करा आणि हलकेच हलवा. क्लंक टाकीच्या मागच्या भागात 'टक-टक' वाजलं पाहिजे. आवाज पुढून आला, किंवा आलाच नाही, तर क्लंक पुढे दुमडून अडकलाय. विमान नाकावर किंवा जोरात उतरलं की तो पुढे झेपावतो आणि नळी वाकून तिथेच राहते. मग विमान सरळ असताना पुढच्या इंधनावर इंजिन छान चालतं, नाक वर गेलं की सगळं इंधन मागे जातं आणि क्लंक कोरडा पडतो. तुमचं लक्षण अगदी हेच असेल तर आधी इथे बघा.

टाकी काढल्यावर:

क्लंक आणि मागची भिंत यांत पाच-सहा मिलिमीटर अंतर हवं. टाकी उभी धरली तरी क्लंक भिंतीला टेकता कामा नये. टेकला तर इंधन ओढायची वाट बंद होते. टाकी कशीही फिरवली तरी तो सगळीकडे सहज झुलला पाहिजे. नळी लांब असेल तर दोन-दोन मिलिमीटर कापत जा. एकदम कापली तर आखूड होते आणि नवीच घालावी लागते.

आतली नळी चिमटीत ताणून बघा. चिकट, कडक किंवा चिरलेली असेल तर बदला. पितळी नळीचं कापलेलं टोक धारदार राहिलं असेल तर ते आतून नळी कातरतं. कानशीने गोल करा. या चिरेमुळे इंजिन टाकी निम्मी होईपर्यंत ठीक चालतं, कारण तोवर चीर इंधनाखाली असते.

दाबाची नळी टाकीच्या छताला चिकटू देऊ नका, दोन-तीन मिलिमीटर जागा ठेवा. बुचाचा स्क्रू आवळा, बाकीच्या नळ्या बंद करा, एकीतून सिरिंजने हवा भरा आणि टाकी बादलीत बुडवा. बुचाभोवती एक बुडबुडासुद्धा चालत नाही.

७. टाकीची उंची आणि फोम

टाकी काढलीच आहे तर परत ठेवताना माप घ्या. टाकीची मध्यरेषा कार्बच्या नीडल व्हॉल्व्हच्या, म्हणजे इंधन जिथून फवारतं त्या छिद्राच्या, पातळीत किंवा तिच्या सहा ते दहा मिलिमीटर खाली हवी. विमान उड्डाणाच्या स्थितीत सपाट ठेवा, बाजूने लांब पट्टी लावा आणि पेन्सिलीने रेघ मारा. टाकी याहून खाली असेल तर ती रिकामी होत जाईल तसं इंजिन लीन होतं. वर असेल तर आयडलला इंधन आपोआप वाहत येतं आणि इंजिन भरतं.

इंजिन उलटं बसवलं असेल तर इथे खास लक्ष द्या. इंजिन उलटलं की फवाऱ्याचं छिद्रही खाली जातं, टाकी मात्र किटच्या नकाशात सरळ इंजिनासाठी दाखवलेल्या जागीच राहते आणि आता ती वर ठरते. असं इंजिन सुरू करताना सिलिंडरमध्ये इंधन साचतं. पंखा अडल्यासारखा वाटला तर स्टार्टर लावू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, पंखा हाताने फिरवून इंधन बाहेर काढा.

टाकी फायरवॉलच्या शक्य तितकी जवळ ठेवा. विमान सरळ वर चढताना इंधन टाकीपासून कार्बपर्यंतचं सगळं अंतर वर उचलावं लागतं. अंतर जितकं जास्त तितकी लीन व्हायची भीती जास्त. टाकीच्या सगळ्या बाजूंना सहा ते दहा मिलिमीटर मऊ फोम गुंडाळा, पण कोंबू नका. दाबून घट्ट झालेला फोम थरथर तशीच टाकीपर्यंत पोचवतो. थर्माकोलचा तुकडा हे काम करत नाही.

८. आता नीडल

नीडल फिरवायला पैसे पडत नाहीत, तरी ती मुद्दाम आठव्या पायरीवर ठेवली आहे. नळीत भोक असताना नीडल उघडली की इंजिन जमिनीवर बरं चालतं, दोष झाकला जातो आणि हवेत उघडा पडतो.

माहितीपत्रकातल्या आकड्यापासून सुरुवात करा. बहुतेक इंजिनांत नीडल पूर्ण बंद करून दोन ते तीन फेरे उघडलेली असते. बंद करताना अलगद, जोराने आवळली तर टोक खराब होतं. इंजिन मिनिटभर गरम करा, पूर्ण रेस द्या, नीडल हळूहळू बंद करत आरपीएम सगळ्यात वर जातील तिथपर्यंत आणा आणि लगेच थोडी उघडा, टॅकोमीटरवर २०० ते ४०० आरपीएम कमी होईपर्यंत. टॅकोमीटर नसेल तर कार्बजवळची नळी क्षणभर चिमटा: आवाज जरा चढून मग पडला तर बरोबर, चिमटताच पडला तर लीन आहे.

मग खरी परीक्षा. जोडीदाराने विमान पंखांच्या मागून घट्ट धरून नाक सरळ आकाशाकडे करायचं, पूर्ण रेसवर, दहा सेकंद. आवाज तसाच राहिला किंवा किंचित चढला तर उडवा. चढून मग मरायला लागला तर दोन-तीन क्लिक उघडा. तरीही मरत असेल तर पायरी सहावर परत जा. नीडल पुढे उघडत राहू नका.

आयडलचा स्क्रू शेवटी. अर्धा मिनिट आयडलवर ठेवून एकदम रेस द्या. धूर सोडत अडखळलं तर आयडल रिच आहे, झटकन मेलं तर लीन. एका वेळी आठवा भाग फेरा, त्याहून जास्त नाही.

जागा बदलली की नीडलही बदलावी लागते. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. तापमान सारखं धरलं तर वरची हवा सात-आठ टक्के विरळ. वर जाताना इंजिन रिच होतं, ते फार धोक्याचं नाही. धोका उतरताना आहे: घाटावर बंद करत आणलेली नीडल तशीच ठेवून खाली, दाट हवेत उडवलं की इंजिन लीन होतं आणि तापून पिस्टन धरतो. खाली आल्यावर आधी नीडल अर्धा फेरा उघडा, मग नव्याने लावा.

९. कूलिंग

काउल (इंजिनावरचं झाकण) लावलेली असेल आणि इंजिन गरम झाल्यावरच बंद पडत असेल तर काउल काढून एकदा चालवा. दोष गेला तर हवेला बाहेर जायला वाट कमी आहे. बाहेर पडण्याचं भोक आत येण्याच्या भोकाच्या दुप्पट ते तिप्पट ठेवा, कारण तापलेली हवा फुगते. आत येणारी हवा हेडवरच्या फिन्सवरून (उष्णता सोडणाऱ्या पात्यांवरून) जाईल अशी प्लायची पट्टी आतून चिकटवा. मे महिन्यात सांगलीत दुपारी एक ते चार इंजिन लावायला बसूच नका.

१०. कार्बचं बूड आणि मागची प्लेट

इंजिन बंद, ग्लो बॅटरी काढलेली, प्लग जागेवर. कार्बच्या बुडाशी इंधनाचा एक थेंब सोडा आणि पंखा हाताने सावकाश फिरवा. थेंब आत ओढला गेला तर तिथला ओ-रिंग गेला. मागच्या प्लेटच्या सांध्यावर असंच करून बुडबुडे आले तर गॅस्केट. कार्ब परत बसवताना तो खाली दाबून धरा आणि तसाच स्क्रू आवळा. न दाबता आवळला तर नवा ओ-रिंगही हवा सोडतो. गॅस्केटच्या जागी सिलिकॉन फासू नका, जादा झालेलं आत तुटून बेअरिंगमध्ये जातं.

११. माउंट आणि फायरवॉल

वरचं सगळं नीट असून थरथर जात नसेल तर इंजिन उतरवा. फायरवॉल सहा मिलिमीटर प्लायची असते आणि तिच्यावर इंधन मुरू नये म्हणून आधीच पातळ इपॉक्सीचा हात द्यावा लागतो. किट बांधताना तो राहिला असेल तर प्लाय तेल पिऊन काळी, मऊ होते आणि मागचे ब्लाइंड नट (प्लायमध्ये ठोकून बसवलेले नट) तिच्यात रुततात. बोल्ट आवळला तरी आठवड्यात सैल होतो. नखाने दाबून खूण उमटली तर ती प्लाय गेली.

नवीन माउंट बसवत असाल तर इंजिन त्यावर क्लॅम्पने पक्कं धरून भोकांच्या खुणा करा, अंदाजाने नको. एम-४ चे आटे पाडायचे असतील तर भोक ३.३ मिलिमीटर, एम-३ ला २.५. भोकं ड्रिल स्टँडवरच पाडा. तिरप्या भोकात बोल्ट आवळला की इंजिनाचा कान पिळतो आणि एक दिवस तडकतो. किटच्या नकाशात दिलेला इंजिनाचा उजवीकडचा आणि खालचा कोन, साधारण दोन-दोन अंश, वॉशर घालून कायम ठेवा. सगळ्या धातूच्या आट्यांना मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा द्रव) एक थेंब, पण नायलॉनच्या माउंटला नको, काही प्लास्टिक त्याने ठिसूळ होतं. तिथे नायलॉक नट वापरा.

इथे थांबा

यातलं काही दिसलं तर पुढे स्वतः करू नका, आणि विमान तर अजिबात उडवू नका:

- इंजिनाच्या कानाला किंवा माउंटला केसाएवढीही चीर.
- फायरवॉल बॉडीपासून सुटलेली.
- पंख्याचा शाफ्ट वर-खाली हलतो, किंवा प्लग काढून फिरवताना बेअरिंग वाळू भरल्यासारखं खरखरतं.
- बाहेर आलेल्या तेलात चकाकणारे कण.
- गरम असताना कॉम्प्रेशन अजिबात लागत नाही.
- प्लगच्या भोकाचे आटे गेलेले.

फायरवॉल आणि माउंटचं काम विमानं बांधणाऱ्या अनुभवी माणसाला किंवा उडवायला शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला दाखवा. आटे गेले असतील तर कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत बारीक काम करणारा लेथवाला हेलिकॉइल (नवे आटे देणारं तारेचं वेटोळं) घालून देईल. त्याला फक्त तेवढंच काम सांगा.

पिस्टन-लायनरसाठी (लायनर म्हणजे सिलिंडरचं आतलं नळकांडं) मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये जाऊ नका, मेकॅनिक कितीही हुशार असला तरी. बऱ्याच ग्लो इंजिनांचा लायनर वरच्या टोकाला मुद्दाम निमुळता केलेला असतो. थंड असताना पिस्टन वर अडल्यासारखा वाटतो, तापल्यावर लायनर पसरून बरोबर बसतो. हे माहीत नसलेला माणूस तो पॉलिश पेपरने मोकळा करून देतो, आणि पाच मिनिटांत इंजिन कायमचं निकामी होतं.

इंजिन द्यायला नेताना ते पुसून चकाचक करू नका. आतलं तेल, प्लग आणि मागच्या प्लेटजवळचे डाग बघूनच जाणकार माणूस निदान करतो. सोबत वापरातला प्लग, पंखा, थोडं इंधन आणि टाकी नळ्यांसकट न्या. नीडल किती फेरे उघडी होती आणि वरच्या कुठल्या पायऱ्या करून झाल्या, ते कागदावर लिहून द्या.